कडक टाच

माझी माय लोकांच्या शेतात निंदायला जायची आणि आमचं शेत दुसरा पेरायचा. आमच्या घरची गरिबी सांगायची तर मी एवढ्या एका वाक्यात सांगते. पत्र्याचं घर, भाकरीवर ठेचा, ठेच्यावर तेल नाही, हे एरंडोलकडच्या आमच्या गावात निम्म्या घरांत होतं, त्यात आमचं काही विशेष नव्हतं. विशेष हे की जमीन आमची, ती नीट पेरणारा माणूस आमच्याच घरात, आणि तो दिवसभर खाटेवर. सुंभाच्या त्या खाटेला आबांच्या अंगाचा खड्डा पडला होता.

आबा म्हणजे माझे वडील. गावात पेरणीला त्यांचा हात मागायचे. पांभर, म्हणजे पेरणीचं अवजार, धरून तिच्या चाड्यात मुठीनं बियाणं सोडत ते चालले की तासं, म्हणजे पेरणीच्या ओळी, अशी सरळ पडायची की बांधावरून बघणाऱ्यानं डोळा मिटून दुसरं टोक सांगावं. त्यांना विचारलं की म्हणायचे, हात काही करत नाही, पाय करतो. अनवाणी तळव्याला माती किती दबते ते कळतं, त्यावर मूठ सैल करायची की आवळायची ते ठरतं.

तो पाय बारागाड्यांत गेला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे बारा बैलगाड्या एकामागे एक बांधतात, त्यांत माणसं खच्चून भरतात आणि भगत अंगाला हळद लावून त्या ओढतो. भगताला दोन्ही बाजूंनी धरून पळणाऱ्यांना बगले म्हणतात. आबा बगले होते. गाड्या पिढ्यान्‌पिढ्या नाड्यानं बांधायचे. नाडा म्हणजे जाड दोर. पहिली गाडी हलते, दोर ताणतो, मग दुसरी हलते, मग तिसरी. वळणावरसुद्धा प्रत्येक गाडी आपापली वळते. आदल्या वर्षी एक दोर तुटला होता. म्हणून त्या वर्षी कमिटीनं हुशारी केली. गाड्यांच्या मध्ये लोखंडी अँगल टाकून बोल्ट आवळले. आता तुटायची भीती नाही म्हणाले. तुटलं नाहीच काही. मारुतीच्या पारापाशी रस्ता जरा वळतो, तिथं बाराच्या बारा गाड्या एका लाकडासारख्या सरळ गेल्या. भगताला लोकांनी ओढून बाजूला घेतलं. आबांचा डावा पाय चाकाखाली आला. धुळ्याला नेलं तेव्हा गुडघ्याखाली वीतभर राहिला, तेवढाच.

अँगल कोणी लावायला सांगितला, हे गावात कोणी विचारलं नाही. विचारलं ते माझ्या मायला. ओट्यावर चार बाया आल्या, चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "खरं सांग व बाई, त्या दिनले तू शिवेल तर नव्हती? तशीच चूल पेटाडी व्हशी."

पाळीच्या दिवसांत चूल शिवली म्हणून देव कोपला, असं त्यांचं म्हणणं. माय उठली. कपबश्या उचलून आत गेली. मी नववीत होते. त्या चारही बायकांना मी आजही ओळख दाखवत नाही.

कमिटीत नाना होते. नाना म्हणजे आबांचे चुलतभाऊ. त्यांनी आमची जमीन बटाईनं, पिकाच्या वाट्यावर, पेरायला घेतली आणि गावात सांगितलं, भावाला आधार दिला. त्यांची तासं सापासारखी पडायची. आबा बांधावर कुबड्या टाकून बसायचे आणि शिव्या द्यायचे. नाना हसून म्हणायचे, "वाकडा तासमा काय वाकडा दाना येस का, भाऊ?"

दहावीनंतरच्या उन्हाळ्यात नकली पायांचं शिबीर झालं. मंडप, हार, माईक सगळं होतं. आबांचं माप आधी घेतलं होतं, त्या दिवशी पाय मिळाला. सोबत काळे बूट. मंडपात गुळगुळीत फरशी होती. आबा बूट घालून इकडून तिकडे चालले. टाच फरशीवर टक्‌ वाजायची आणि प्रत्येक टक्‌ला गुडघ्याला मागून कोणी टप्पल मारल्यासारखा तो पुढे यायचा. पण चालले. पाहुणे माईकवर म्हणाले, "बघा, हा शेतकरी आता धावेल!" टाळ्या पडल्या. आबांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. तो पेपरात आला. मायनं तो कापून देवाच्या फळीवर लावला, कारण आबांचा तेवढाच चांगला फोटो घरात होता.

पाऊस पडून पेरणीला वापसा झाला तेव्हा आबांनी नानांना निरोप धाडला, यंदा मी पेरतो. सकाळी बूट घालून ते शेतापर्यंत चालत गेले. रस्त्यावर लोक थांबून बघत होते. बांधावर बसून त्यांनी दोन्ही बूट काढले, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि वावरात उतरले.

पेरताना पायात काही घालायचं नाही, ही आमच्याकडची रीत. कोणी शिकवत नाही, कोणी मोडत नाही.

पांभर धरून ते उभे राहिले, बैलांना हाक दिली, आणि चार पावलांत मागे पडले. पुढे नाही, मागे. जसं कोणी छातीवर हात ठेवून ढकलावं. उठले, पुन्हा धरलं, पुन्हा तसेच. बियाणं सांडलं. नानांनी बैल थांबवले. हसले नाहीत, ते मी मान्य करते. पण जे बोलले ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

"भाऊ, देवना कोप शे. रस्तावर चालस आन वावरमा पाडस, मंग दुसरं काय? ज्यानी गाडी अर्धी सोडी, त्याले देव मातीमा उभा ऱ्हाऊ देत नही."

आणि गंमत अशी की आबांना ते पटलं. रस्त्यावर चालतो, घरात उंबऱ्याच्या आत आलं की डळमळतो, देवळात डळमळतो, वावरात पडतो. जिथं जिथं पवित्र, तिथं तिथं पडतो. कोणालाही पटलं असतं. आबांनी पाय काढून खुंटीला टांगला. वर्षभरात त्यावर मायनं लसणाच्या जुड्या अडकवल्या.

मी धुळ्याला इंजिनीअरिंगला गेले ती फी माफ होती म्हणून आणि हट्ट होता म्हणून. नाना म्हणाले, "पोरीनी जात, शिकीसन काय दिवा लावशी?" मी म्हटलं, "नाना, तुमले कोनी इचारं?" गावात हे वाक्य बरेच दिवस फिरलं. पोर उद्धट झाली. झाली तर झाली.

कॉलेजात ताठरता नावाचा धडा होता. एखादी वस्तू तेवढीच वाकवायला किती जोर लागतो, ती तिची ताठरता. मजबूत वेगळं, ताठर वेगळं. दोर मजबूत असतो, ताठर नसतो. काच ताठर असते, मजबूत नसते. सरांनी हे फळ्यावर दोन ओळींत लिहिलं आणि पुढे गेले. मी वही बंद करून बसले. माझ्या डोळ्यांपुढे मारुतीचा पार होता. दोराच्या जागी अँगल घालून आमच्या गावानं गाड्या मजबूत केल्या नव्हत्या, नुसत्या ताठर केल्या होत्या. कोप कसला? दोन ओळींची गोष्ट. ती गावातल्या एकाला माहीत असती तर माझ्या मायला कोणी चूल विचारली नसती.

तेव्हापासून मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. हॉस्टेलची लोखंडी खाट पाठीला सांगायची की मी तुझ्यासाठी इंचभर सरकणार नाही. धुळे-जळगाव एसटीच्या मागच्या सीटवर बसलं की खड्डा आधी कण्याला कळायचा, मग डोळ्याला. मैत्रिणीची नवी सायकल हलकी होती, पण इतकी कडक की मनगटं झिणझिणायची, आणि माझी जुनी सीटच्या स्प्रिंगवर कुरकुरत झुलत जायची, चढावर मात्र अर्धा जोर ती स्प्रिंगच खायची. नुसतं मऊ चांगलं असं नाही आणि नुसतं कडक चांगलं असंही नाही. किती, कुठे आणि कोणासाठी, एवढंच असतं. आणि 'कोणासाठी' हे आमच्यासारख्यांच्या बाबतीत कोणी विचारत नाही.

पदवी मिळाली. घराण्यात पहिली. पेढे मी स्वतः वाटले, नानांच्या दारी आधी गेले. जळगावला एमआयडीसीत पाइपांच्या कारखान्यात नोकरी लागली. माझं काम पाइपाचा तुकडा कापून दोन पाट्यांमध्ये दाबायचा आणि तो किती जोराला किती चपटतो ते बघायचं. जमिनीखाली पुरायचा पाइप मातीबरोबर थोडा दबला पाहिजे. मातीच दबली आणि पाइप दबला नाही, तर सगळा भार पाइपावर. हे मी रोज नव्या पोरांना समजावून सांगत होते, आणि माझ्याच घरात खुंटीला तो पाय टांगलेला होता. डोक्यात प्रकाश पडायला तरी किती दिवस लागावेत.

दिवाळीला घरी आले. लसूण काढला, पाय खाली घेतला, फरशीच्या तुकड्यावर उभा केला. मायला म्हटलं, धर. पाय सरळ उभा राहिना. नळी मागे कलत होती. चुलीपुढची लाकडाची एक ढलपी त्याच्या टाचेखाली सरकवली, नळी सरळ. ढलपी काढली, मागे. पुन्हा सरकवली, सरळ.

तो पाय बुटासाठी बनवलेला होता. बुटाच्या टाचेची उंची धरून. बूट काढला की टाच तेवढी खाली जाते आणि वरचा माणूस मागे. आपल्या हाडामांसाचा घोटा असं झालं की वाकून घेतो, आपल्याला कळतही नाही. या पायाला घोटा नव्हताच, एक ताठ ठोकळा. त्यात टाचेतलं रबर इतकं कडक की अंगठ्यानं दाबलं तर अंगठाच दुखला. वावरात ते दबायच्या ऐवजी मातीच दबायची, टाच आणखी रुतायची. मागे पडणारच. देव उभा राहू देत नव्हता ते उंबऱ्यात, देवळात आणि वावरात, म्हणजे जिथं जिथं आमची माणसं बूट काढतात तिथं.

आबा खाटेवरून सगळं बघत होते. मी त्यांना सांगितलं. वाटलं होतं, खूश होतील. त्यांनी हात पुढे करून ती ढलपी मागून घेतली.

"मंग इतला वरीस मी काय येडा व्हतू?"

"आबा, तुमनी चूक नही शे. पायनी शे."

"कोप व्हता तवलोंग बरं व्हतं," ते म्हणाले. "देवनी मारं म्हनीसन बसनू. आते तू सांगस, ढलपीनी मारं."

त्यांनी तोंड फिरवलं. माय माझ्यावर ओरडली, सणाचं काय घेऊन बसलीस म्हणून. मला राग आला, आणि तो आबांचा आला नाही. शिबिरात इतक्या माणसांनी माप घेतलं, लांबी घेतली, वजन घेतलं. तुम्ही बूट कुठे काढता, हा एक प्रश्न कोणी विचारला नाही. शेतकऱ्याला देतोय हे मात्र माईकवर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी सोपा उपाय काढला. "आबा, बूट काढूच नका. बूट घालून पेरा."

आबा उठून बसले. "जमीन माय शे. तिना आंगवर बूट घालीसन चालू का? तुनी आजीना आंगवर चालशी का तू बूट घालीसन?"

आत्ताच देवाचा कोप खोटा ठरला होता, तरी हे खोटं नव्हतं. मी वाद घातला नाही. पायासाठी माणूस बदलायचा की माणसासाठी पाय, याचं उत्तर मला कारखान्यानं शिकवलं होतं. जमीन पाइपासाठी कोणी बदलत नाही.

धुळ्याला नकली पाय बनवणारं एक छोटं वर्कशॉप होतं. आबांना घेऊन गेले. तिथल्या कारागिरानं पाय हातात फिरवून बघितला.

"चांगला आहे की. पाय भक्कम आहे."

"भक्कम आहे, पण वाकत नाही. यांना अनवाणी चालायचंय. नांगरटीत. सपाट टाच पाहिजे, टाचेत मऊ रबर आणि थोडा वाकणारा घोटा."

"ताई, शेतीच्या माणसाला कडकच देतात. मऊ लवकर झिजतं."

"झिजू द्या. आम्ही बदलू."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. मी पाइप दाबते."

तो हसला. मग विचारलं, काय दाबता, कसं दाबता. मग जरा नीट बोलायला लागला. त्यानं दोन-तीन प्रकारचे पाय काढून मांडले. पहिला इतका मऊ निघाला की आबा दोन पावलं टाकून थांबले.

"कसं वाटस, आबा?"

"शेनमा पाय घाला सारखं. जास खाले, पन वर काही येत नही."

कारागिराला मी मराठीत सांगितलं, टाच दबते पण पाऊल पुढे ढकलत नाही. त्यानं पंजाकडचा भाग जरा कडक असलेला दुसरा लावला, टाच तशीच मऊ ठेवली. आबा वर्कशॉपच्या फरशीवर चालले. दार उघडून बाहेर गेले. बाहेर पाइपलाइनसाठी खोदून टाकलेली माती होती, तीवर चढले आणि उतरले. पुन्हा चढले. रस्त्यावरचे लोक बघायला लागले.

"काका, पडाल!" कारागीर ओरडला.

"पडानं काम मनं व्हई गयं," आबा म्हणाले, आणि तिसऱ्यांदा चढले.

पाय मिळाला म्हणून सगळं गोड झालं असं नाही. पहिल्या महिन्यात, उरलेला पाय ज्यात बसतो त्या वाटीच्या कडेनं कातडं सोललं. इतकी वर्षं खाटेवर पडलेल्या मांडीत जोर राहिला नव्हता. आबा रोज संध्याकाळी वखरलेल्या वावरात चालायचे, चिडायचे, आणि चीड माझ्यावर काढायचे. "आंडेर इंजिनेर व्हयनी, आते बापले चालानं शिकाडी!" आंडेर म्हणजे लेक. मी शनिवारी जळगावहून यायची आणि रविवारी त्यांच्या मागे मागे चालायची. मायला मात्र हे बघवायचं नाही. ती दाराकडे पाठ करून बसायची. तिनं देवाच्या फळीवरचा पेपरातला फोटो एक दिवस काढला आणि चुलीत घातला. मला विचारलं नाही, आबांना सांगितलं नाही.

नानांना सांगायचं काम मी केलं. बटाई बंद, यंदा आम्ही पेरणार. नाना सुपारी कातरत होते.

"कोन पेरी? तुना बाप?"

"हां."

"पडना तर?"

"पडतील तर आमच्या मातीत पडतील, नाना. तुमच्या अँगलखाली नाही."

अडकित्ता थांबला. इतक्या वर्षांत 'अँगल' हा शब्द त्यांच्यासमोर कोणी उच्चारला नव्हता. नानी आतून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, आत गेली. नाना म्हणाले, "कमिटीमा आठ जन व्हतात." मी म्हटलं, "बाकीच्या सात जणांनी आमचं शेत पेरलं नाही." एवढंच. माफी वगैरे कोणी मागितली नाही. मी मागितलीही नसती त्यांच्या जागी. आमच्याकडे तशी पद्धत नाही.

पेरणीच्या सकाळी बांधावर माणसं जमली होती. कोणी मदतीला आलं नव्हतं, सगळे बघायला आले होते. आबांनी उजवी वहाण काढली, डावा बूट घातलाच नव्हता. वावरात उतरले. बैल भाड्यानं आणलेले, अनोळखी, ते सुरुवातीला ओढ घेत होते. पहिल्या तासाला आबा हेलपाटले आणि बांधावर कोणीतरी "आरारा" केलं. पडले नाहीत. दुसऱ्या तासाला मी बघितलं, त्यांची नजर पायाकडे नव्हती, बैलांच्या शिंगांवरून पलीकडच्या बांधाकडे होती. मूठ चाड्यावर उघडत होती, मिटत होती.

दुपारी नाना आले. बांधावर उभे राहून म्हणाले, "भाऊ, चमत्कार शे रे बठ्ठा."

आबा थांबलेही नाहीत. "चमत्कार नही शे. रबर शे."

डाव्या पायाला माती कळत नाही, ती त्यांना आता कधीच कळणार नाही. तासं पूर्वीइतकी सरळ पडली नाहीत. जवळ जाऊन बघितलं तर कळतं. जी वर्षं खाटेच्या खड्ड्यात गेली ती कोणत्या रबरानं परत येत नाहीत, आणि त्यांच्याबद्दल कोणाला मी माफ केलेलं नाही.

पण त्या दिवशी सूर्य बुडायच्या आत आबांनी आमचं सगळं शेत स्वतः पेरलं, अनवाणी. त्यानंतर ते दुसऱ्या कोणाला पेरायला दिलेलं नाही.